एकाच वर्गात गणिताच्या तीन पातळ्या: कृती एक, प्रश्न वेगळे

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: सहावी ते आठवीच्या वर्गांत काही मुलांचा गुणाकाराचा आणि अपूर्णांकांचाच पाया कच्चा आहे, बहुतेक मुले पाठ्यपुस्तकाबरोबर कशीबशी चालतात आणि चार-पाच जण सगळ्यांच्या बरेच पुढे आहेत. या तिघांसाठी आपण तीन वेगवेगळ्या कृती तयार केल्या. पहिला गट साहित्याशी खेळत बसला, तिसऱ्या गटाचे काम दहा मिनिटांत संपले आणि आपली तासिका एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे धावण्यात गेली. म्हणून कोणत्या पातळीला कोणती कृती द्यावी, याची यादी आपण मागितली आहे.

यादी देता येईल, पण तिने आपली अडचण सुटेल असे मला वाटत नाही. तीन गटांना तीन कृती देणे म्हणजे एका तासिकेत तीन पाठ शिकवणे. ते फार थोड्यांना जमते, आणि जमले तरी शेवटी सगळ्या वर्गाने मिळून बोलावे असे काही उरत नाही, कारण प्रत्येक गटाने वेगळेच काही पाहिलेले असते. दुसरी अडचण याहून खोल आहे. पट्ट्या जुळवून अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज अचूक दाखवणारे मूल पुढच्याच क्षणी वहीत १/२ + १/३ = २/५ असे लिहिते आणि त्याला त्यात काहीच खटकत नाही. त्याच्या दृष्टीने पट्ट्यांचे काम वेगळे आणि वहीतले गणित वेगळे असते. त्यामुळे मी वर्गात दोन गोष्टी सांभाळतो. संपूर्ण वर्गाला एकच साहित्य आणि एकच कृती देतो, पातळीनुसार फक्त प्रश्न बदलतो. आणि हातातल्या वस्तूपासून वहीतल्या चिन्हापर्यंतचा प्रवास हा कृतीचाच भाग मानून त्याची आखणी आधी करतो.

यातले काय आपल्याकडे जमेल, हे काही बाबींवर अवलंबून आहे. वर्गात पंचवीस मुले असतील तर प्रत्येक जोडीला वेगळे साहित्य देता येते; साठ असतील तर चौघांत एक संच द्यावा लागतो आणि मग साहित्य कोणाच्या हातात राहील, याचे नियम कडक करावे लागतात. तासिका पस्तीस मिनिटांची असेल तर कृती आणि चर्चा दोन दिवसांत विभागणे योग्य. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागे पडलेली मुले नेमकी किती मागे आहेत. एखाद्या मुलाला स्थानिक किमतीची, म्हणजे ३०५ मधील शून्य तेथे का आहे याचीच समज नसेल, तर सातवीच्या घटकावरील कोणतीही कृती ती उणीव भरून काढणार नाही. त्या मुलासाठी तासिकेबाहेर स्वतंत्र वेळ काढावाच लागेल, आणि तो काढता येत नसेल तर ती अडचण कृतींच्या खाती टाकू नये. पाढे पाठ नसण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. अशा मुलाला कृतीच्या वेळी पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्यावा, म्हणजे सात आठे किती हे आठवण्यात त्याचा अपूर्णांकांचा विचार अडकून पडत नाही. पाढ्यांचा सराव दिवसाच्या दुसऱ्या वेळी स्वतंत्रपणे चालू ठेवावा.

कृतीकडे वळण्यापूर्वी ‘पातळी’ या कल्पनेविषयी थोडे बोलायला हवे, कारण आपले तीन गट वर्षभरासाठी ठरलेले दिसतात. आकडेमोडीत मागे असलेले मूल घनाची घडण पाहताच तो उलगडून सपाट केला तर कसा दिसेल हे सांगते, आणि बेरीज-वजाबाकीत तरबेज असलेले मूल तेथे गोंधळते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. त्यामुळे गट घटकानुसार ठरवावेत. प्रत्येक घटकाच्या आधी मी दोन-तीन प्रश्नांची चाचपणी घेतो, तिला गुण देत नाही आणि उत्तरापेक्षा कारण वाचतो. अपूर्णांकांसाठी ‘३/७ आणि ३/५ यांत मोठा कोणता, आणि कशावरून?’ हा एक प्रश्न पुरेसा बोलका आहे. काही मुले सात हा पाचापेक्षा मोठा म्हणून ३/७ मोठा मानतात. काही तिरकस गुणाकार करून बरोबर उत्तर काढतात, पण कारण विचारले की गुणाकारच पुन्हा करून दाखवतात. थोडी मुले लिहितात की सात भाग केले तर प्रत्येक भाग लहान होतो, म्हणून तसे तीन भागही कमीच भरतात. मधल्या गटाकडे विशेष लक्ष द्यावे. परीक्षेत ही मुले हुशार ठरतात, परंतु प्रत्यक्ष वस्तू हाताळण्याची गरज त्यांना पहिल्या गटाइतकीच असते.

आता एक कृती सविस्तर सांगतो, म्हणजे ‘साहित्य एक, प्रश्न वेगळे’ याचा व्यवहारातला अर्थ स्पष्ट होईल. अपूर्णांकांसाठी मी कागदाच्या २४ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या वापरतो. २४ ही लांबी मुद्दाम निवडलेली आहे: अर्धा भाग १२ सेंटिमीटरचा, एक तृतीयांश ८ चा, एक चतुर्थांश ६ चा, एक षष्ठांश ४ चा, एक अष्टमांश ३ चा आणि एक द्वादशांश २ चा, असे सगळे तुकडे पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. वर्तुळाचे तुकडे मी टाळतो. वर्तुळाचे तीन किंवा सहा समान भाग हाताने करणे कठीण जाते, आणि त्याहून मोठी अडचण अशी की, वर्तुळापासून संख्यारेषेकडे जाण्याचा सरळ मार्ग नाही. पट्टी मात्र आडवी ठेवून तिच्या डाव्या टोकाला शून्य आणि उजव्या टोकाला एक लिहिले की तीच संख्यारेषा होते, आणि तिला दुसरी पट्टी जोडली की ५/४ कोठे येतो हा प्रश्न आपोआप समोर उभा राहतो.

पट्ट्या मुलांकडूनच करून घ्याव्यात, आणि शक्य तेथे मोजून नव्हे तर घडी घालून. अर्धा, चतुर्थांश आणि अष्टमांश घड्यांनी सहज होतात. तीन समान घड्या घालताना मुलांची खरी धडपड सुरू होते, आणि एक भाग वाढवला की दुसरा घटतो हे त्या धडपडीतच त्यांना उमगते. त्यानंतर पहिला प्रश्न सर्वांना सारखाच: अर्ध्या पट्टीवर एकाच प्रकारचे कोणकोणते तुकडे पूर्ण बसतात? दोन चतुर्थांश, तीन षष्ठांश, चार अष्टमांश, सहा द्वादशांश हे सगळ्यांना सापडते. ज्यांचा पाया कच्चा आहे, ती मुले एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांसाठी हाच शोध पुढे चालवतात. घाई न करता प्रत्येक जुळणी वहीत काढतात आणि तिच्याखाली सममूल्य अपूर्णांक लिहितात. मधल्या गटाला विचारावे की, अर्धा आणि एक तृतीयांश हे दोन्ही तुकडे नेमके मोजता येतील असा एकच लहान तुकडा कोणता? षष्ठांश हे उत्तर त्यांच्या हाती लागते, आणि समान छेद म्हणजे दोघांनाही मोजू शकणारे माप, हे त्यांना लसाविच्या नियमाआधी कळते.

पुढे असलेल्या मुलांना याच पट्ट्यांवर असा प्रश्न द्यावा: ज्यांचा अंश १ आहे अशा दोन अपूर्णांकांची बेरीज १/२ होईल अशा जोड्या किती? ती १/४ + १/४ आणि १/३ + १/६ या जोड्या लवकर शोधतात. मग ‘आणखी नाहीत हे कशावरून?’ असे विचारले की काम खरे सुरू होते. दोन्ही तुकडे चतुर्थांशापेक्षा लहान असतील तर बेरीज अर्ध्याला पोहोचणारच नाही, म्हणून एक तुकडा चतुर्थांश किंवा तृतीयांशच असला पाहिजे, हा युक्तिवाद सातवीतले मूल स्वतः मांडू शकते. येथे एक ऐतिहासिक माहिती देण्यासारखी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये २/३ चा अपवाद वगळता अपूर्णांक अशाच, अंश १ असलेल्या वेगवेगळ्या अपूर्णांकांच्या बेरजेने लिहीत, इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या ऱ्हाइंड पपायरस या गणिती हस्तलिखितात २/५ साठी १/३ + १/१५ अशी मांडणी आढळते. त्याच रीतीने २/७ लिहून दाखवा म्हटले की या मुलांची पुढची दोन दिवसांची सोय होते.

आणि ज्यांना सगळे नियम पाठ आहेत, त्यांच्यासाठी एक भागाकार राखून ठेवावा: १/२ ÷ ३/४. उलट करून गुणले की उत्तर २/३ येते, हे ती मुले क्षणात सांगतात. त्यांना म्हणावे, हेच पट्टीवर दाखवा. बहुतेक जण अडखळतात, कारण उत्तरातले दोन तृतीयांश कशाचे, हे नियमात कोठेच दिसत नाही. तीन चतुर्थांश पट्टी १८ सेंटिमीटरची आणि अर्धी १२ ची. १२ हे १८ चे दोन तृतीयांश. म्हणजे उत्तर पूर्ण पट्टीच्या मापाने नसून तीन चतुर्थांशाच्या मापाने आहे. भागाकाराचा हा अर्थ मनात बसलेले मूल पुढे गुणोत्तर-प्रमाण शिकताना अडत नाही.

आता १/२ + १/३ = २/५ या चुकीकडे येऊ. तिच्यावर लाल रेघ मारण्याऐवजी मुलाला आधी २/५ आणि १/२ यांत मोठा कोणता, एवढेच विचारावे. पंचमांश तुकडा ४.८ सेंटिमीटरचा, दोन पंचमांश ९.६ चे, आणि अर्धी पट्टी तर १२ ची. अर्ध्यात काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसे झाले, हा पेच मुलाला स्वतःच्या पट्टीवर दिसला की वहीतले उत्तर त्यालाच खटकू लागते. पंचमांश २४ मध्ये नीट बसत नाही, ही साहित्याची मर्यादाही उपयोगी पडते. अर्धा, तृतीयांश आणि पंचमांश हे तिन्ही पूर्ण सेंटिमीटरमध्ये यावेत यासाठी पट्टी किती लांब घ्यावी? तीस. चतुर्थांश आणि सप्तमांशासाठी? अठ्ठावीस. लसावि शिकवण्याचा याहून स्वाभाविक प्रसंग मला माहीत नाही.

क्षेत्रफळ आणि परिमितीसाठी याहूनही कमी साहित्य लागते. प्रत्येक जोडीला २४ सेंटिमीटर घेराचा दोऱ्याचा फास (गाठीसाठी दोन सेंटिमीटर जास्त घ्यावेत) आणि एक सेंटिमीटरच्या चौकटींचा कागद द्यावा. या दोऱ्याने, बाजू पूर्ण संख्येत असलेले जितके आयत करता येतील तितके करा आणि आतल्या चौकटी मोजा, एवढीच सूचना पुरते. १ आणि ११ बाजूंचा आयत ११ चौकटींचा, मग २० चा, २७ चा, ३२ चा, ३५ चा आणि शेवटी ६ बाजूचा चौरस ३६ चौकटींचा. परिमिती तीच असेल तर क्षेत्रफळही तेच असणार, असे वर्गातील बरीच मुले, पुढे असलेलीही, मनाशी धरून बसलेली असतात. म्हणून मोजण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्यावा. पहिला गट चौकटी मोजतो आणि मोजण्याऐवजी गुणता येते हे त्याच्या लक्षात येते. मधला गट तक्ता करून आलेख काढतो. पुढचा गट पूर्ण संख्येची अट सोडतो: ५.५ आणि ६.५ बाजूंचे ३५.७५, ५.९ आणि ६.१ बाजूंचे ३५.९९. सहापासून जितके दूर जावे त्याच्या वर्गाइतके क्षेत्रफळ ३६ मधून कमी होते, हे त्यांना या आकड्यांतून दिसते आणि (६ − द)(६ + द) = ३६ − द² हे नित्यसमीकरण त्यांच्याच तक्त्यातून बाहेर पडते. यानंतर प्रश्न उलटा करावा: क्षेत्रफळ ३६ कायम ठेवले तर परिमिती ७४ पासून २४ पर्यंत कशी उतरते? एक बाजू भिंतीची असेल आणि दोरा उरलेल्या तीन बाजूंनाच लागत असेल तर सर्वांत मोठा आयत चौरसच राहील का? (राहत नाही, ६ आणि १२ बाजूंचा होतो आणि क्षेत्रफळ ७२ भरते.) शेवटी तिन्ही गट एकाच तक्त्याविषयी बोलत असल्यामुळे वर्गचर्चेत सगळ्यांना सांगण्यासारखे काहीतरी असते. माझ्या मते कृतींची निवड या एका कसोटीवर करावी.

बीजगणितासाठी पुठ्ठ्याचे तुकडे करावेत: दोन सेंटिमीटर बाजूचा लहान चौरस म्हणजे १, दोन सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ७.३ सेंटिमीटर लांब पट्टी म्हणजे क्ष, आणि ७.३ सेंटिमीटर बाजूचा मोठा चौरस म्हणजे क्ष². पट्टीची लांबी लहान चौरसाच्या पूर्ण पटीत नसावी, अन्यथा मुले लहान चौरस शेजारी ठेवून ‘क्ष म्हणजे चार’ असे ठरवून टाकतात आणि चलाची कल्पनाच हरवते. पाया कच्चा असलेल्या मुलांनी २(क्ष + ३) मांडून पाहावे; २क्ष + ३ या उत्तरात तीन चौरस कमी पडतात हे समोर दिसते. मधल्या गटाने क्ष² + ५क्ष + ६ चे सगळे तुकडे वापरून एकसंध आयत करावा आणि त्याच्या बाजू वाचाव्यात. पुढच्या गटाला क्ष² + ६क्ष देऊन चौरस पूर्ण करण्यासाठी किती एकक लागतील हे विचारावे. मोठ्या चौरसाच्या दोन बाजूंना तीन-तीन पट्ट्या लावल्या की कोपऱ्यात नऊ एककांची जागा मोकळी दिसते, आणि (क्ष + ३)² = क्ष² + ९ लिहिणाऱ्याला आपण कोणत्या सहा पट्ट्या विसरलो हेही कळते. नवव्या शतकात बगदादमध्ये गणितज्ञ अल्-ख्वारिझ्मी याने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण याच रीतीने, आकृतीचा कोपरा भरून सोडवले होते: ३९ मध्ये कोपऱ्याचे २५ मिळवले की ६४, म्हणून मोठी बाजू ८ आणि क्ष = ३. पुठ्ठ्याचे तुकडे हे कच्च्या मुलांसाठीचे काम आहे असे मानणाऱ्या हुशार मुलांना ही हकीगत अवश्य सांगावी.

प्रत्येक घटकाला साहित्य लागतेच असे नाही. पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीसाठी दोन रंगांच्या सोंगट्या उत्तम; एक धन आणि एक ऋण मिळून शून्य, हे ठरले की (−३) − (−५) मध्ये तीनच ऋण सोंगट्या असताना पाच काढायच्या कशा, यासाठी दोन शून्य-जोड्या आत घ्याव्या लागतात आणि उत्तर +२ उरते. मात्र ऋण गुणिले ऋण सोंगट्यांनी दाखवण्याचा अट्टहास करू नये. त्या खटाटोपात मुले गणितापेक्षा खेळाचे नियमच जास्त लक्षात ठेवतात. तेथे ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ० अशी ओळ लिहून पुढे काय यावे हे विचारणे अधिक प्रामाणिक आहे. त्रिकोणाचे कोपरे फाडून सरळ रेषेत जुळवण्याची कृती सर्वांनी करावी, पण तिन्ही कोनांची बेरीज १८०° भरते याचा तो पडताळा आहे, सिद्धता नव्हे, हे पुढच्या गटाला स्पष्ट सांगून समांतर रेषा काढून कारण मागावे. संभाव्यतेसाठी दोन फासे पुरतात: एक गट बेरजांच्या नोंदी ठेवतो, दुसरा ३६ शक्यतांचा तक्ता करून ७ सर्वाधिक, म्हणजे सहा प्रकारे का येतात हे शोधतो, तिसऱ्याला तीन फाशांवर ९ पेक्षा १० किंचित जास्त वेळा का येतात हा प्रश्न द्यावा. दोन्हीसाठी तीन अंकांचे सहा-सहाच गट आहेत, पण क्रम मोजले तर २१६ पैकी ९ चे २५ आणि १० चे २७ भरतात; सतराव्या शतकात गॅलिलिओने हा उलगडा करून ठेवला आहे.

आतापर्यंत साहित्याचे आणि प्रश्नांचे झाले. वहीशी जोड घालण्याचे काम राहिले आहे, आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्ये एका लेखात दाखवून दिले होते की, साहित्यातले गणित ते आधीपासून जाणणाऱ्या मोठ्यांना दिसते, मुलांना तेच दिसेल असे गृहीत धरता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली कृती, चित्र आणि चिन्ह ही तीन रूपे या कामी मला फार उपयोगी वाटतात. ही शिडी मानून रोज एकेक पायरी चढण्याऐवजी मी तिन्ही रूपे एकाच पानावर शेजारी-शेजारी आणतो. वहीत तीन रकाने: मी काय केले ते एका वाक्यात, त्याचे चित्र, आणि त्याचे गणिती विधान. कृतीचा एकेक टप्पा झाला की तिन्ही रकाने भरायचे, मगच पुढचा टप्पा. एक द्वादशांश तुकडे सात झाले, हे पट्टीवर, चित्रात आणि १/३ + १/४ = ४/१२ + ३/१२ = ७/१२ या विधानात एकाच ओळीत दिसले की मूल स्वतःच बोट ठेवून सांगते की हा चार म्हणजे ही पट्टी.

त्यानंतर साहित्य झाकण्याचा टप्पा येतो. पट्ट्या पाकिटात ठेवायच्या, उत्तर आधी लिहायचे आणि मग पाकीट उघडून ताळा करायचा. पहिल्या गटाला पाकीट लवकर उघडू द्यावे. मधल्याने आधी चित्र काढून पाहावे. पुढच्याने पाकिटातल्या पट्ट्यांनी दाखवताच येणार नाही असे उदाहरण, जसे १/७ + १/४, सोडवून ते बरोबर का हे शब्दांत लिहावे. साहित्य काढून घेण्याची तारीख सगळ्या वर्गासाठी एकच ठरवू नये. सलग काही वेळा ताळा जुळला की मुले आपणहून पाकीट उघडायचे सोडतात.

वर्ग चालवण्याविषयी थोडेसे. मुले साहित्याशी खेळतात ही तक्रार आपण केली आहे. त्यावर उपाय म्हणजे पहिली पाच मिनिटे त्यांना खेळू देणे. गणितशिक्षणाचे अभ्यासक झोल्टन डीनेश यांनीही मुक्त खेळ हाच शिकण्याचा पहिला टप्पा मानला होता. पाच मिनिटे आपण दिली नाहीत तरी मुले ती घेतातच, फक्त आपण सूचना देत असताना घेतात. कृतीसाठी जोड्या मिश्र पातळीच्या असाव्यात आणि नंतरच्या प्रश्नांसाठी सारख्या पातळीच्या. मिश्र जोडीत एक नियम मी कटाक्षाने पाळतो: ज्याला उत्तर येते त्याने साहित्याला हात लावायचा नाही, फक्त बोलायचे. हा नियम नसेल तर चटपटीत मूल दोन मिनिटांत सगळे जुळवून टाकते आणि दुसरे नुसते पाहत राहते. नियम असेल तर पहिल्याला आपला विचार शब्दांत मांडावा लागतो आणि दुसऱ्याच्या हातून काम होते. हे साधारण वीस मिनिटे चालते, त्यापुढे दोघेही कंटाळतात.

लवकर संपवणाऱ्यांना त्याच प्रकारची आणखी उदाहरणे देऊ नयेत. वेगाने काम केल्याची ती शिक्षा ठरते. त्यांना नेहमी दुसऱ्यांना शिकवायला बसवणेही मला पटत नाही, कारण त्यांचीही शिकण्याची वेळ असते. उलटा प्रश्न हे त्यांच्यासाठी सर्वांत स्वस्त साधन आहे: उत्तर ७/१२ आहे, प्रश्न काय असू शकेल, आणि असे किती? दुसऱ्या टोकाच्या मुलांबाबत एक मोह टाळावा, तो म्हणजे त्यांना अडताना पाहून पुढची पायरी सांगून टाकण्याचा. त्याऐवजी संख्या लहान करावी. क्ष² + ५क्ष + ६ जमत नसेल तर क्ष² + ३क्ष + २ द्यावे; कृती तीच राहते, विचारही तोच राहतो, आणि वर्गचर्चेत ते मूल बाहेर पडत नाही.

वेळेचा प्रश्न आपण विचारला नाही, तरी तो येणारच. आठवड्यातील सगळ्या तासिका अशा घेणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. घटकाच्या सुरुवातीला एकदा, आणि बहुसंख्य मुले एकाच ठिकाणी चुकू लागली की पुन्हा एकदा, एवढ्यावर काम भागते. मधल्या तासिका नेहमीच्या सरावाच्या असाव्यात. कृतीच्या तासिकेची शेवटची पाच मिनिटे मात्र राखून ठेवावीत आणि प्रत्येकाकडून एका चिठ्ठीवर, साहित्याशिवाय, एकच उदाहरण कारणासह सोडवून घ्यावे. या चिठ्ठ्या तपासायच्या नसतात. तीन गठ्ठ्यांत वाटायच्या असतात: कारण पटण्यासारखे आहे, उत्तर आहे पण कारण नाही, आणि दोन्ही नाहीत. साठ चिठ्ठ्यांना दहा मिनिटे पुरतात आणि दुसऱ्या दिवशीचे गट त्यांतूनच ठरतात.

सुरुवात कोठून करावी, असे विचारल्यास मी दोऱ्याची कृती सुचवीन. साहित्य जवळजवळ काही लागत नाही, चौकटी मोजणे कोणालाही जमते आणि वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाचा पहिला अंदाजही बहुधा चुकतो. तिच्यासाठी सलग दोन तासिका घ्याव्यात. पहिलीत सर्वांचा तक्ता फळ्यावर पूर्ण करावा, आणि ३६ पेक्षा मोठा आयत मिळेल का, हा प्रश्न उत्तर न देता दुसऱ्या तासिकेसाठी तसाच फळ्यावर ठेवावा.